एकट्याला खोली द्या: विदर्भातल्या लॉजमालकांना आणि धर्मशाळांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातले सर्व लॉजमालक, धर्मशाळांचे विश्वस्त आणि भक्तनिवासांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका मागणीसाठी आहे, म्हणून ती आधीच सांगते. रेल्वेनं एकट्यानं आलेल्या माणसाला, बाई असो की पुरुष, रात्रीपुरती खोली द्या. ओळखपत्र बघा, नोंद करा, आगाऊ पैसे घ्या, हवे ते प्रश्न विचारा. पण ‘एकट्याला देत नाही’ एवढ्या एका वाक्यावर त्याला दारातून परत पाठवू नका.

मी नागपूरची. खासगी नोकरी आहे, पगार मोजका आहे. सुट्टी जोडून आली की पाठीवर सॅक टाकून गाडी पकडते आणि विदर्भात फिरते. एकटीच फिरते, कारण मैत्रिणींच्या सुट्ट्या जुळत नाहीत, घरच्यांना देवळातल्या शिलालेखासमोर तासभर उभं राहायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला एकटीनंच फिरायला आवडतं. कुठे किती थांबायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

स्वस्तात फिरणाऱ्यासाठी नागपूरसारखं ठिकाण शोधून सापडणार नाही. मुंबईकडून लोहमार्ग इथे पोहोचला 1867 साली. सावनेरच्या वालुकाश्मातली आजची स्टेशनची इमारत 15 जानेवारी 1925 रोजी खुली झाली. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथेच एकमेकांना छेदतात. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, दोघांचीही विभागीय कार्यालयं याच शहरात आहेत. पॅसेंजर-मेमूचं किमान तिकीट 10 रुपये. रेल्वेच्या मोबाइल अ‍ॅपवर जनरल तिकीट काढायचं, डब्यात खिडकी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर दारातल्या गर्दीत कुणी ना कुणी ‘बसा ना ताई’ म्हणून सरकून जागा देतंच. स्टेशनवर उतरलं की पुढे एसटी. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धंच तिकीट पडतं, त्यामुळे आमच्यासाठी तर हा प्रवास आणखी हलका झाला आहे. सकाळी स्टेशनबाहेर तर्री-पोहे, दुपारी एखाद्या खानावळीत झुणका-भाकर. पैशाचा प्रश्न इथे येतच नाही. प्रश्न येतो तो अंधार पडल्यावर.

आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल की विदर्भात दिवसा जाऊन संध्याकाळी परत येता येतं, मग मुक्काम कशाला हवा. म्हणून काही ठिकाणांविषयी थोडं सविस्तर लिहिते.

रामटेकला इतवारीहून कामठी, कन्हान करत गाडी जाते. गडावरचा राम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच टेकडीवर केवल नरसिंहाचं वाकाटक राजांच्या काळातलं, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं देऊळ आहे. तिथला शिलालेख प्रभावतीगुप्ता राणीच्या घराण्याची माहिती देतो. ही राणी दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती गेल्यावर लहान मुलाच्या नावानं तिनं इथून राज्यकारभार हाकला. आमच्या शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळसुद्धा नव्हती, तिची ओळख मला त्या देवळात उभं राहून झाली. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, हे मत संशोधक वा. वि. मिराशींनी हिरिरीनं मांडलं. खाली अंबाळा तलाव, बाजूला शांतिनाथाचं जैन मंदिर, जवळच मनसरचं उत्खनन. हे सगळं एका दिवसात बघून परतायचं तर धावपळ होते, आणि त्या फाट्यावर गाड्या मोजक्या. शिवाय कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला गडावर टिपूर, म्हणजे त्रिपुरीची ज्योत, जळतो तो मध्यरात्री. तो बघायला आलेल्या माणसानं त्यानंतर कुठे जायचं?

वर्ध्याबद्दल तर सगळेच म्हणतात, सकाळी जा, संध्याकाळी या. गांधीजी 1936 साली ज्या शेगावात राहायला आले, त्याचं पुढे सेवाग्राम झालं. बापूकुटीत पाच मिनिटं डोकावून निघणाऱ्या बसेस रोज येतात. पण वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर, जे जमनालाल बजाजांनी 1928 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडलं, तिथे त्या बसेस सहसा थांबत नाहीत. मगन संग्रहालयात चरख्यांचे किती प्रकार आहेत ते घाईत कळत नाही. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी 1959 साली स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. बायकांनी एकत्र राहून, स्वतः शेतात राबून, स्वतः निर्णय घेऊन चालवलेली ती जागा आहे. संध्याकाळी नदीकाठी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्यात गोरसपाक घेऊन परतायचं, एवढीच माझी अपेक्षा असते.

पण माझा सगळ्यात आवडता मार्ग दुसराच आहे. गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाहला जाणारा. त्याला पर्यटनाच्या कुठल्याच पत्रकात जागा मिळत नाही. गाडी धानाच्या बांध्यांतून आणि मध्येच दाट जंगलातून जाते. अर्जुनी-मोरगावला उतरून गोठणगावकडे गेलं की तिबेटी निर्वासितांची वसाहत लागते, 1970च्या दशकात वसलेली, प्रार्थनेच्या पताका आणि बाजूला इटियाडोह धरणाचं पाणी. पुढे वडसा, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांची, राजधानी. दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट (बैलांची शर्यत) असतो तिथे शंकरपट, आणि त्या निमित्तानं रात्रभर नाटक. वडशाच्या रस्त्यावर नाटक कंपन्यांच्या कार्यालयांच्या पाट्या रांगेनं दिसतात, गावकरी तिथे येऊन तारखा ठरवतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मध्ये गाणी, लावण्या, खडी गंमत या लोकनाट्याचा परिसस्पर्श, आणि समोर शाल पांघरून बसलेलं अख्खं गाव, तान्ह्या पोरांपासून आजीपर्यंत. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी झाडीपट्टी म्हणजे काय हे शोधलं. तो सन्मान त्या रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकांचाही होता असं मला मनापासून वाटतं. नाटक बघायला रात्री खोली लागत नाही, हे खरं. पण सकाळी अंग टाकायला, आंघोळीला, सॅक ठेवायला जागा लागते, आणि ती एकट्या बाईला मिळणं फार अवघड जातं.

चंद्रपूरच्या मार्गावर वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन आहे. भांदक स्टेशनला उतरलं की भद्रावती: विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचं देऊळ आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर, तिन्ही एकाच गावात. चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट म्हणजे शहराची तटबंदी, जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजे, अंचलेश्वराचं देऊळ, राणी हिराईनं राजा बीरशहासाठी बांधलेली समाधी. चैत्रात महाकालीच्या जत्रेला मराठवाड्यातून माणसं येतात, त्यातली कितीतरी रेल्वेनं. पूर्वेकडे दरेकसा स्टेशनजवळ कचारगडची गुहा आहे, जिथे माघ पौर्णिमेला देशभरातले गोंड बांधव आपल्या पुरखा-देवांच्या दर्शनाला येतात.

एवढं सगळं लोकलच्या भाड्यात हाताशी आहे. आणि ते बघायला निघालेला माणूस अडतो आपल्या काउंटरवर.

माझे अनुभव कुणा एकाविरुद्ध तक्रार म्हणून सांगत नाही, कारण वागणूक सगळीकडे साधारण एकच असते. काउंटरवरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो. ‘सोबत कोण आहे?’ कोणी नाही. ‘एकट्याच काऊन आल्या?’ देवळं बघायला. मग तो आतल्या कुणाला तरी विचारून येतो. ‘नाही जमत ताई, एकट्याले रूम नाही भेटत.’ आवाजात उर्मटपणा नसतो. कधी तर बिचाऱ्याला वाईट वाटलेलं दिसतं. पण दार बंद ते बंदच. आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावी तर कारण वेगळंच निघालं: आधार नागपूरचं आहे, ‘लोकल आधार चालत नाही.’ म्हणजे घरापासून पन्नास किलोमीटरवर असूनही मी रात्री कुठे टेकायची सोय नसलेली परकी, आणि घर जवळ आहे म्हणून संशयितही. ती रात्र मी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये एका कुटुंबाच्या शेजारी बसून काढली. त्यांच्यातल्या आजींनी ‘ये बाई, इकडे सरक’ म्हणून मला आपल्या चटईवर घेतलं.

पुरुषांचंही हेच आहे, हे मला डब्यातल्या गप्पांमधून कळलं. निवृत्त शिक्षक, ज्यांना बायको गेल्यावर एकट्यानं गोंड किल्ले बघायचे आहेत. कीर्तनाला निघालेला म्हातारा. आणि पोरं. पोलीस भरतीला, तलाठ्याच्या, रेल्वेच्या परीक्षेला खेड्यातून जिल्ह्याच्या गावी आलेली पोरं-पोरी फलाटावर, बसस्टँडवर, पुलाखाली रात्र काढून सकाळी धावायला उभी राहतात. हे आपण सगळे दरवर्षी बघतो. रेल्वेच्या रिटायरिंग रूमची ऑनलाइन नोंदणी पीएनआर मागते आणि जनरल तिकिटाला पीएनआर नसतो. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्याला तीही वाट बंद. म्हणून भार आपल्यावर येतो, आणि म्हणून हे पत्र रेल्वेला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

आपली भीती काय आहे हे मला माहीत आहे. एका लॉजवर बऱ्याच विनवणीनंतर मालकांनी मला चहा पाजून सांगितलं. त्यांच्याकडे कधीकाळी एकटा उतरलेला एक माणूस सकाळी जिवंत उठला नाही. त्यानंतर पंचनामा, पोलीस ठाण्याच्या चकरा, वर्तमानपत्रात लॉजचं नाव, आणि पुढचे कितीतरी महिने त्या खोलीकडे जाताना नोकरांचे अडखळणारे पाय. ‘माझी पोरगी असती तर मी तिलाही म्हटलं असतं, असा धंदा नको,’ ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. ज्यानं हे पाहिलं आहे त्याला मी निष्ठुर म्हणणार नाही.

पण या भीतीचा इलाज सरसकट नकारात आहे का, याचा विचार व्हावा. मनातून खचलेल्या माणसाला रात्री दहा वाजता दारातून हाकलल्यानं त्याचं दुःख कमी होत नाही. तो पुढच्या दारात जातो, किंवा रुळांकडे जातो. त्यापेक्षा काउंटरवर बसणाऱ्याला चार गोष्टी शिकवता येतील: आलेल्याशी दोन वाक्यं बोलावं, कुठून आलात, जेवलात का, उद्याची गाडी कुठली हे विचारावं, घरच्या कुणाचा तरी नंबर नोंदवून घ्यावा, रात्री एकदा पाणी हवं का म्हणून दार वाजवावं. मनाच्या अडचणीत असलेल्यांसाठी सरकारची टेलि-मानस ही चोवीस तासांची सेवा 14416 या क्रमांकावर 2022 पासून सुरू आहे. तो क्रमांक प्रत्येक खोलीत, आरशाशेजारी, मोठ्या मराठी अक्षरांत लावता येईल. जो खरंच फिरायला आला आहे त्याला या विचारपूस करण्याचा राग येणार नाही. मला तर बरंच वाटेल.

दुसरी भीती पोलिसांची. एकट्या सज्ञान माणसाला खोली देऊ नये, किंवा त्याच जिल्ह्याचं ओळखपत्र असेल तर नाकारावं, असा कायदा नाही. नोंद ठेवा, ओळखपत्र तपासा, परदेशी पाहुणा असेल तर त्याची वेगळी माहिती द्या, हे आहे. कुठल्या ठाण्यातून तोंडी ‘एकट्याला देऊ नका’ असं सांगितलं जात असेल, तर आपल्या संघटनेनं ते लेखी मागावं. आम्ही प्रवासी त्या पत्रावर सह्या करायला येऊ.

तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण ते काउंटरवरच्या नजरेत असतं: एकटी बाई म्हणजे काहीतरी गडबड. याबद्दल मी वाद घालणार नाही. एवढंच सांगते की आज याच विदर्भातल्या मुली एकट्या नागपूरला शिकायला येतात, एकट्या पुण्याला नोकरीला जातात, आणि त्यांच्या आयांना रात्री झोप लागते ती लेकीला कुठे तरी सुरक्षित दार मिळालं आहे या भरवशावर. ते दार आपलं असू शकतं.

धर्मशाळांच्या विश्वस्तांना थोडं वेगळं सांगायचं आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही सोय उभी केली. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आहे. ते स्वतः आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावोगाव एकटे फिरले आणि आपणच बांधलेल्या धर्मशाळेत राहिले नाहीत. असा माणूस आज आपल्या दारात आला, अंगावर चिंध्या, सोबत कोणी नाही, तर आपल्या सध्याच्या नियमानं त्याला खोली मिळेल का? हा प्रश्न मी टोचायला विचारत नाही. आपल्या पुढच्या बैठकीत तो खरोखर विषय म्हणून घ्यावा, अशी विनंती आहे. चक्रधरस्वामीही याच मुलखात एकटे हिंडले, आणि महानुभावांनी अशा भटकंतीला साधना मानलं. एकट्यानं चालणारा माणूस आपल्या परंपरेला कधी परका नव्हता.

आणि नागपूरला तर हे येतंच. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात. अनेक जण जनरल डब्यातून, हातात एक पिशवी घेऊन, एकटे. शहर त्यांच्यासाठी शाळा उघडतं, सभागृहं उघडतं, गल्लीबोळांत जेवणाचे मंडप लागतात. कुणी कुणाला ‘सोबत कोण आहे’ असं विचारत नाही. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी तिथे पंगतीत वाढायला जायची. तेव्हा पाहिलेलं आदरातिथ्य हीच माझ्यासाठी नागपूरची खरी ओळख आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येईल. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आपल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात, हे आपणच सांगता. त्यातली एक, शक्यतो काउंटरजवळची, उजेडाची, आतून नीट कडी लागणारी, एकट्यांसाठी राखून ठेवावी. दोघांच्या दराच्या दोन-तृतीयांश दर लावला तरी आम्ही आनंदानं देऊ. ते परवडत नसेल तर पूर्ण दर घ्या, पण नकार देऊ नका. धर्मशाळांमध्ये खोली शक्य नसेल तर बायकांसाठी एक वेगळा हॉल आणि सामानाला कुलूप लागेल असं कपाट पुरे. मुक्काम न करणाऱ्यांसाठी आंघोळ आणि दिवसभर सॅक ठेवण्याचे पन्नास रुपये घेतले तर पहाटे गाडीनं उतरणाऱ्या कित्येकांची सोय होईल आणि आपल्यालाही चार पैसे सुटतील. फोनवर विचारलं तर खरं उत्तर द्या. स्टेशनवर उतरून, रिक्षा करून, दारात पोहोचल्यावर ‘नाही’ ऐकण्यापेक्षा ते फार बरं.

जे लॉजवाले आजही एकट्याला सन्मानानं उतरवून घेतात, रात्री उशिरा आलं तर स्वतः खानावळ उघडवून देतात, ‘सकाळच्या गाडीले उठवून देतो, झोपा ताई निवांत’ म्हणतात, असेही आहेत. त्यांच्यामुळेच माझं फिरणं चालू राहिलं. त्यांना विनंती की एक पाटी लावा: ‘एकट्या प्रवाशाला खोली मिळेल.’ स्टेशनवरून दिसेल अशी. आम्ही ती एकमेकांना सांगू, परीक्षेला येणाऱ्या पोरांना सांगू, गावाकडच्या मुलींच्या आयांना सांगू.

बाकीच्यांनी निदान एवढं कळवावं की नेमकं काय अडतं. पोलिसांचं काही असेल तर त्यांच्याकडे सोबत जाऊ. नोंदणीचा नमुना हवा असेल तर तो आम्ही लिहून, छापून देऊ. दिवाळीनंतर वडशाचा हंगाम सुरू होईल, त्रिपुरीला रामटेकला गर्दी होईल, माघात कचारगडला. त्याआधी दोन-चार गावांत जरी सुरुवात झाली तरी यंदा फरक दिसेल. त्रिपुरीच्या रात्री मी रामटेकला असणार आहे. खोलीसाठी आठवडाभर आधी फोन करेन.

आपली,
नागपूरची एक प्रवासी